तिसऱ्या दरवाजाची बातमी

तिला ऑफिसात सगळे वेलांटी म्हणत. वृत्तवाहिनीच्या पडद्याखालून जी बातम्यांची पट्टी सरकत असते, ती लिहिणं हे तिचं काम. एकदा 'शहरात उद्या पाणि नाही' असं कुणीतरी घाईत चढवलेलं पाहून ती चहाचा कप हातात घेऊनच धावत गेली होती आणि पाणी दीर्घ करून आली होती. तेव्हापासून हे नाव चिकटलं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. वाहिनीत यायच्या आधी पंधरा वर्षं तिने एका दैनिकात प्रुफं तपासली होती. ते दैनिक बंद पडलं, घर तर चालवायचं होतं, म्हणून ती इथे आली. आल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की इथे चूक सुधारत नाहीत, पुढच्या बातमीखाली गाडून टाकतात. तरी वेलांट्या, मात्रा, आकडे, माणसांची नावं एवढं तरी आपल्या हातून नीट जावं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तेवढीच आपली जागा स्वच्छ, बाकीचं ज्याचं त्याच्यापाशी.

न्यूजरूम म्हणजे एक लांबलचक हॉल, खिडकी एकही नाही, आणि वर्षाचे बारा महिने थंडी, कारण यंत्रांना थंडी लागते. माणसं खुर्चीच्या पाठीला शाल अडकवून बसत. समोरच्या भिंतीवर सात टीव्ही, एक स्वतःच्या वाहिनीचा आणि सहा इतरांचे. संपादक आपल्या टीव्हीकडे क्वचितच बघत. त्यांचा जीव त्या सहांत अडकलेला असे.

त्या दिवशी सकाळी बातमी म्हणावी असं काही नव्हतं. वर डोंगरात चार दिवस पाऊस चालू होता, धरण काठोकाठ भरलं होतं, आणि धरणावर एक वार्ताहर जाऊन बसला होता. हा साठीचा गृहस्थ, आधी शाळेत शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर बातमी पाठवी ती वहीत उतरवून घ्यावी अशी असे: काय झालं, केव्हा झालं, कोण म्हणालं. दहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी त्याचा निरोप आला. तिसऱ्या दरवाजाची साखळी तुटली आहे, दरवाजा अर्धा उघडून अडकला आहे, त्यामुळे ठरल्यापेक्षा जास्त पाणी नदीत जातंय. काठावरच्या लोकांनी मागे सरावं म्हणून भोंगा दिला आहे. धरणाला धोका नाही, असं ड्यूटीवरचे इंजिनिअर म्हणतात.

वेलांटीने निरोप दोनदा वाचला आणि पट्टी लिहिली: 'धरणाच्या तिसऱ्या दरवाजाची साखळी तुटली, नदीकाठी सावधानतेचा इशारा, धरणाला धोका नाही.' शिफ्टच्या प्रमुखाने तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि शेवटचे तीन शब्द काढायला सांगितले. धोका नाही तर मग लोकांनी थांबून बघायचं कशाला, असा त्याचा सवाल होता. ती म्हणाली की तेच तर महत्त्वाचं आहे. तो हसला, म्हणाला की महत्त्वाचं असेल, पण पट्टी लांब होतेय. तिने शब्द काढले.

चार मिनिटांनी भिंतीवरच्या तिसऱ्या टीव्हीवर 'धरणाचा दरवाजा तुटला' असं आलं. त्या वाहिनीचा माणूस धरणावर नव्हताच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी हिचीच पट्टी वाचून साखळी गाळली होती. पण संपादक आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आले ते चेहरा लाल करून. समोरच्यांकडे दरवाजा तुटलाय आणि आपण अजून साखळीच ओढत बसलोय, म्हणाले. मग आपल्या पडद्यावरही दरवाजा तुटला. पुढच्या दोन मिनिटांत आणखी दोघांनी दरवाजा तोडला, तेव्हा संपादक हॉलच्या मधोमध उभे राहून विचार करू लागले. विचार करताना ते अंगठ्याने हनुवटी चोळत. दरवाजा तुटला म्हणजे पाणी सुटलं, आणि धरणातलं पाणी सुटलं म्हणजे काय, असं त्यांनी हवेला विचारलं. हवेने उत्तर द्यायच्या आत त्यांनीच दिलं.

"धरण फुटलं. घ्या."

वेलांटीने खुर्ची फिरवली. "साहेब, मास्तर तसं म्हणत नाहीत. दरवाजा नुसता अडकलाय."

"मग प्रश्नचिन्ह टाक. आपण कुठे छातीठोक सांगतोय? आपण विचारतोय."

वाहिनीत प्रश्नचिन्हाचा हा उपयोग सगळ्यांना माहीत होता. ते एक छोटंसं आकडेबाज चिन्ह शेवटी लावलं की कुणाबद्दलही काहीही म्हणता येई. आणि लोक काय ते खरं धरून चालत, पण कुणी जाब विचारलाच तर आम्ही फक्त विचारलं होतं, असं म्हणायला वाट मोकळी. तिने ते लावलं. रोजच्या कामासारखं लावलं, आणि पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यांत जास्त किळस याच गोष्टीची वाटत राहिली.

मग ते शब्द ग्राफिक्सकडे गेले. अर्धा पडदा व्यापेल अशी लाल पाटी करायची होती. ग्राफिक्सवाल्याने अक्षरं चढवली तर प्रश्नचिन्ह उजव्या कडेच्या बाहेर जाऊ लागलं. अक्षरं थोडी लहान करू का, असं त्याने विचारलं. संपादक म्हणाले, अक्षरं लहान होणार नाहीत. मग चिन्ह राहिलं बाहेर. दहा पन्नासला पाटी लागली: धरण फुटलं.

पाटीच्या मागे काहीतरी दाखवायला हवं. मास्तरच्या फोनवरून आलेल्या चित्रात एक शाबूत भिंत दिसत होती आणि एका बाजूने पाणी पडत होतं. त्याने कुणाचं भागणार? कुठल्यातरी दूरदेशीच्या जुन्या पुराचं फूटेज संग्रहातून काढलं. त्यात एक घर कागदाच्या होडीसारखं वाहत जात होतं. कोपऱ्यात 'संग्रहित' असं लिहिलं होतं, पण ते लाल पाटीच्या खाली गेलं. निवेदिका स्टुडिओत उभी राहून सांगत होती की हृदयाचा थरकाप उडवणारी दृश्यं आपण पाहतो आहोत. ते घर सात वेळा वाहून गेलं.

दहा त्रेपन्नला वेलांटीचा फोन वाजला. वहिनी होती. वेलांटीचा दादा आणि वहिनी धरणाच्या खाली, कालव्याच्या अलीकडच्या वस्तीत, एका तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत. वहिनीच्या मागे जिन्यावरून माणसं धावत असल्याचा आवाज येत होता.

"अगं, तुमच्याकडे दाखवतायत ते खरं आहे का?"

वेलांटीने हॉलकडे पाठ केली आणि तोंडावर हात धरून हळू आवाजात सांगितलं, "खोटं आहे, वहिनी. धरणाला काहीही झालेलं नाही. घर सोडू नकोस, दादालाही जाऊ देऊ नकोस."

वहिनीने बरं म्हणून फोन ठेवला. सगळं मिळून वीस सेकंदांचं बोलणं. वेलांटीने फोन टेबलावर उपडा ठेवला, आणि तिच्या समोरच्या पडद्यावर तिनेच लिहिलेली पट्टी, खोटी म्हणून आत्ता जिची कबुली दिली ती, डावीकडे सरकत राहिली. तिच्या हाताखाली कळफलक होता. पट्टी काढायला दोन कळा लागत. तिने शिफ्टच्या प्रमुखाकडे पाहिलं, तो दुसऱ्या फोनवर होता. तिने स्वतःला सांगितलं की माझ्या हातात काही नाही. हे वाक्य तिने इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आपोआप आलं.

तीन मिनिटांनी तिच्या टेबलाजवळचा जुना लँडलाइन वाजला. बोलणारा धापा टाकत होता, आणि मागे पाण्याचा घनघोर आवाज होता.

"बाई, मी धरणावरचा इंजिनिअर बोलतोय. तुम्ही काय लावलंय ते बंद करा. धरण उभं आहे. मी त्याच्यावर उभा आहे."

ती उठून धावत संपादकांकडे गेली. आता तरी हे थांबेल असं तिला वाटलं, अगदी खरं वाटलं. संपादकांचे डोळे चमकले. इंजिनिअर स्वतः लाइनवर आहे म्हटल्यावर त्यांनी टाळी वाजवली आणि त्याला थेट प्रक्षेपणात घ्यायला सांगितलं. वेलांटीने परत येऊन त्या माणसाला सांगितलं की तुम्हाला लाइव्ह घेतात, तुम्हीच लोकांना सांगा. तो बिचारा म्हणाला की बरं होईल, लवकर घ्या.

त्याला घेतलं ते त्या वाहत्या घराच्या चित्रावर. तो काही बोलायच्या आत निवेदिकेने विचारलं की लोकांपासून तुम्ही नेमकं काय लपवताय. तो म्हणाला, काही लपवत नाही, एक साखळी तुटली आहे. म्हणजे तुटलं हे तुम्ही मान्य करता, ती म्हणाली. त्याने साखळी आणि दरवाजा यांतला फरक समजवायला सुरुवात केली. सवयच तशी असणार, शांतपणे, पहिल्यापासून. संपादकांनी नियंत्रण कक्षातून हात आडवा फिरवला. चाळीस सेकंदांत लाइन कापली गेली. निवेदिकेने कानातलं यंत्र दाबलं आणि गंभीर चेहऱ्याने प्रेक्षकांना सांगितलं, "आपला धरणाशी संपर्क तुटला आहे."

तेही पट्टीवर घ्यायला सांगितलं गेलं. वेलांटीने घेतलं.

अकरा नऊला पाटी उतरली. का उतरली, तर पाचव्या टीव्हीवर 'धरण सुरक्षित' असं आलं आणि आता ती बातमी जुनी झाली. चुकलो, असं कुणी म्हणालं नाही, तसं म्हणायची तिथे पद्धतच नव्हती. लाल पाटीच्या जागी निळी पाटी आली, 'धरणाची नेमकी स्थिती काय?' निळ्या पाटीत प्रश्नचिन्ह व्यवस्थित मावलं होतं. एकूण एकोणीस मिनिटं.

त्या एकोणीस मिनिटांत खालच्या वस्तीत काय झालं, ते साडेअकराच्या सुमाराला कळलं. भोंगा तिथल्या लोकांच्या कानांना नवा नव्हता. पाणी सोडायचं असलं की तो वाजे, आणि लोक काठावरचे कपडे उचलून मागे सरत. पण त्या दिवशी भोंग्याबरोबर टीव्ही होता. वस्तीतून उंचावर जायला कालव्यावर एकच पायपूल, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा. त्यावर वस्ती लोटली. पलीकडून काही जण आपल्या मुलांना आणायला अलीकडे येत होते. मधोमध दोन्ही लोंढे भिडले. कठडा तुटला नाही, पूल पडला नाही, पाण्याचा एक थेंब कुणाच्या अंगावर आला नाही. माणसं माणसांखाली गेली. पाच मेली.

न्यूजरूममध्ये ही बातमी आली तेव्हा सगळ्यांचं काम थांबलं, हे सांगायला हवं. निवेदिकेने तोंडावर हात ठेवला. ग्राफिक्सवाल्याने डोळे मिटले. मग संपादकांनी विचारलं की पुलावर आपला कॅमेरा पोचला का, आणि पोचला आहे, इतर कुणी अजून नाही, असं कळल्यावर ते म्हणाले, "मग आपण पहिले."

हॉल परत कामाला लागला. पाटी लाल झाली. पायपुलाची दृश्यं आली, पुलावर चपलांचा खच, एक उघडी पर्स, आणि कुणाच्यातरी पायावर टाकलेली चादर. 'सर्वांत आधी' ही अक्षरं कोपऱ्यात सोनेरी रंगात फिरत होती. कॅमेऱ्याने चादरीच्या अगदी जवळ जाऊन चादरीखालून बाहेर आलेली टाच दाखवली, आणि तिथून काही केल्या हलेना.

वेलांटीने वहिनीला फोन लावला. दादा-वहिनी घरातच होते, धडधाकट. वहिनी रडत होती. त्यांच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहत. पन्नाशीच्या, नवरा नाही, घरात अंथरुणाला खिळलेले वडील. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणे. मेलेल्या पाचांत त्या होत्या.

"मी सांगितलं गं त्यांना," वहिनी म्हणाली. "जिन्यात आडवी उभी राहून सांगितलं. माझी नणंद त्याच चॅनेलात आहे, ती म्हणते खोटं आहे. तर म्हणाल्या, अगं, तिचंच चॅनेल सांगतंय ना."

वेलांटीने फोन ठेवला. समोरून शिफ्टचा प्रमुख आला आणि कागदाचा चिटोरा ठेवून गेला. पुढची पट्टी: 'धरण फुटल्याच्या अफवेने घेतले पाच बळी, अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई कधी?' तिने ती वाचली. एकेक शब्द तपासला, अफवेने, बळी, पसरवणाऱ्यांवर. मग टाइप केली, चढवली आणि उठून बाथरूममध्ये जाऊन ओकली. सकाळी घेतलेला चहा पडला, नंतर नुसतं पिवळं पाणी. तोंड धुतलं, साबणाने हात दोनदा धुतले, आरशात बघायचं टाळलं. बाहेर आली तेव्हा अफवांवरच्या चर्चेसाठी पाहुणे बोलावणं चालू होतं. दुपारी संपादकांच्या खोलीतून सगळ्यांसाठी चहा-बिस्किटं आली. नेहमीपेक्षा दुपटीने लोकांनी आपली वाहिनी बघितली, असा निरोप वरून आला होता. बिस्किटांत क्रीम होतं. तिच्या शेजारचा माणूस आधी ती उघडून क्रीम चाटत होता, आणि तिला त्या जिभेकडे बघवेना.

संध्याकाळी निघताना तिने त्या दिवसाच्या सगळ्या पट्ट्यांची नोंद छापून घेतली. यंत्र प्रत्येक पट्टी किती वाजता चढली, किती वाजता उतरली, हे लिहून ठेवत असे. घरी जाऊन कागद पसरले तेव्हा तिला कळलं की ज्याच्या जोरावर आपण यांना उघडं पाडू म्हणत होतो, त्या कागदावर संपादकांचं नाव कुठेच नाही. तोंडी सांगितलेल्या गोष्टीची नोंद यंत्र ठेवत नाही. चढवणाऱ्याची ठेवतं. प्रत्येक ओळीपुढे तिचाच क्रमांक होता.

तरी चौकशी समिती बसली तेव्हा ती गेली. कागद दिले, शिवाय चार पानं स्वतःच्या हाताने लिहून दिली: कोण काय म्हणालं, केव्हा म्हणालं, आणि मी काय केलं. मास्तरनेही आपला मूळ निरोप फोनसकट दाखवला. संपादक आले ते फाइल घेऊन. ते अतिशय दुःखी दिसत होते. त्यांनी सांगितलं की आम्ही नेहमी प्रश्नचिन्ह वापरतो, ते एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे गळलं, आणि धरणावरून आलेली माहितीही संदिग्ध होती. समितीने अहवाल दिला. त्यात शेवटी असं होतं की आपत्तीच्या काळात माध्यमांनी भान राखावं. दुसऱ्याच दिवशी वेलांटी आणि मास्तर दोघांनाही कामावरून काढलं, आणि वाहिनीने ती बातमीसुद्धा केली. 'विश्वासार्हतेशी तडजोड नाही. चूक करणाऱ्या दोघांवर तत्काळ कारवाई.' मास्तरने तिला फोन करून सांगितलं की ताई, कारवाईतलं शेवटचं अक्षर त्यांनी ऱ्हस्व छापलंय, आणि कितीतरी दिवसांनी दोघं हसली. ते हसणं काही बरं नव्हतं.

तिला आपल्यावर अन्याय झाला असं म्हणता येईना. दादा म्हणत होता, वकील करू. पण तिच्या डोक्यात ती वीस सेकंदं बसली होती, तोंडावर हात धरून बोललेली.

तीन आठवड्यांनी ती वस्तीत गेली. वहिनीला म्हणाली, मला खालच्या घरी घेऊन चल.

घर एका खोलीचं. खिडकीखाली शिवणयंत्र, त्याच्या सुईखाली अर्धवट टीप घातलेली बाही तशीच. मावशींचे वडील भिंतीला टेकून पलंगावर बसले होते. कमरेखाली त्यांना जाण नव्हती. आता त्यांची भाची येऊन राहिली होती. वहिनीने ओळख करून दिली, आणि वेलांटी बसायच्या आत म्हणाली की ती पट्टी मी लिहिली होती. हे पाठ करून आल्यासारखं तिच्या तोंडून पडलं.

म्हाताऱ्यांनी विचारलं, "खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"वहिनींना तुम्ही फोनवर खरं सांगितलंत. त्यांनी सांगितलंय मला." त्यांचा आवाज चढला नाही. "मग आम्हाला का नाही सांगितलं?"

नोकरी होती, साहेब होते, माझ्या हातात नव्हतं, ही सगळी वाक्यं तोंडापर्यंत आली आणि त्या खोलीत ती उच्चारण्याची तिला शिसारी आली. भाचीने पाण्याचा पेला आणून ठेवला.

मग म्हाताऱ्यांनी जे सांगितलं ते तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाहिनीची माणसं घरी आली होती. फार गोड बोलली, खोलीचं चित्र घेतलं, पलंगाचं घेतलं. संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम दाखवला, त्यात यांचा चेहरा आणि खाली ओळ, 'अपंग बापाला घरात सोडून मुलगी जिवाच्या आकांताने पळाली.' मागे सनई की काय ते रडवं वाजत होतं. त्यानंतर नातेवाइकांचे फोन आले. लोक मला धीर देत होते, म्हातारे म्हणाले, की जाऊ द्या, अशा वेळी माणसाला आपला जीव मोठा होतो.

"ती पळाली नाही हो. कालव्यापलीकडच्या दवाखान्यात चाकाची खुर्ची आहे, ती आणायला गेली होती. माझ्यासाठी. जाताना म्हणाली, बाबा, दहा मिनिटांत येते, हलू नका. मी कुठे हलणार होतो? ती तर गेली. पण एवढं तरी खरं करून द्याल का?"

वेलांटीने पिशवीतून वही काढली. आयुष्यात तिने दुसऱ्यांच्याच बातम्या नीट केल्या होत्या. स्वतः होऊन एकही आणली नव्हती. तिने विचारलं, मावशी किती वाजता निघाल्या, अंगावर काय होतं, जिन्यात कुणी पाहिलं. जे ते सांगत होते ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मग पायपूल ओलांडून दवाखान्यात गेली. पुलाला आता नवा पिवळा रंग दिला होता. दवाखान्यातल्या नर्सने आधी हात झटकले, टीव्हीवाल्यांशी बोलायचं नाही म्हणाली. मी टीव्हीवाली नाही, आता नाही, असं सांगितल्यावर तिने रजिस्टर काढलं. त्या दिवशी दहा पंचावन्नला फोन आला होता. एका बाईने चाकाची खुर्ची बाजूला काढून ठेवायला सांगितली होती, मी न्यायला येतेय म्हणून. नर्सने खुर्ची दारात आणून ठेवली होती. दुपारपर्यंत ती तिथेच होती.

वेलांटीने आठ ओळी लिहिल्या. त्यात विशेषण एकही नव्हतं. चार दैनिकांना पाठवल्या. दोघांनी उत्तर दिलं नाही, एकाने फोनवर सांगितलं की विषय थंड झालाय. चौथ्याने, एका छोट्या जिल्हा दैनिकाने, शनिवारी सातव्या पानावर, बियाण्यांच्या जाहिरातीच्या वर छापल्या.

ती अंक घेऊन गेली. म्हाताऱ्यांना जवळचं नीट दिसत नसे, तेव्हा तिने वाचून दाखवलं. दहा पंचावन्नचा फोन, नर्सचं म्हणणं, दारात ठेवलेली खुर्ची. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेपर हातात मागितला. आठ ओळी कुठे आहेत ते बोट फिरवून शोधलं.

"हे सातवं पान ना?"

"हो."

"आणि ते खोटं कुठे होतं?"

तिला सांगावं लागलं. "सगळ्या पडद्यावर. अर्धा तास."

त्यांनी मान हलवली. हे किती जणांनी वाचलं असेल, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, फार नाही. शेजारच्या घरात टीव्ही लागला होता, आणि भिंतीपलीकडून तीच निवेदिका कुठल्यातरी दुसऱ्या गावाचं नाव घेऊन थरकाप उडाल्याचं सांगत होती. भाचीने उठून खिडकी लावून घेतली. म्हाताऱ्यांनी पेपरची घडी घातली, पलंगाच्या कडेला हातानेच तिची सुरकुती काढली, आणि भाचीला म्हणाले की सगळ्या नातेवाइकांना फोन लाव, एकेकाला हे वाचून दाखवायचं आहे. ताई वाचतील. आहे ना वेळ तुम्हाला?

आहे, वेलांटी म्हणाली. पहिला फोन लागला. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हटलं, आणि तिने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.